वाळूत रुतणारा रोव्हर: चाक बदलावं, सस्पेन्शन बदलावं की चालवण्याची पद्धत?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी,

विद्यार्थ्यांच्या रोव्हरबद्दल सल्ला हवा आहे. वजन ४० किलो, सहा चाकं, साधं रॉकर-बोगी (चाकं झुलत्या दांड्यांवर बसवलेली, स्प्रिंगशिवायची रचना), चारही कोपऱ्यांची चाकं वळणारी. चाकाचा व्यास २५ सेंमी, रुंदी १० सेंमी, त्यावर ६ मिमी उंचीचे २४ दाते. दगडधोंड्यांत गाडी उत्तम चालते, चाकाएवढा दगड कुरकुर न करता चढते. पण सुक्या वाळूचा १५ अंशांचा चढ आला की चाकं जागच्या जागी फिरतात आणि पोट टेकेपर्यंत खाली जातात.

स्पर्धा युटातल्या हँक्सव्हिलजवळच्या वाळवंटात आहे, वजनाची मर्यादा ५० किलो. म्हणजे हाताशी १० किलो आहेत. ते कुठे खर्च करावेत? माझा कल चाक १६ सेंमी रुंद करण्याकडे आहे, कारण क्षेत्रफळ वाढलं की दाब कमी होईल. टीममध्ये काहींना अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन, म्हणजे मोटरींनी चाकं वरखाली करणारी रचना, हवं आहे. कारणांसकट मतं द्या.

---

गिअरवाला

रुंदी नको, व्यास वाढवा.

चाक खाली जातं तेव्हा ते वाळू दाबत रस्ता तयार करत असतं, आणि मोटरची बरीच ताकद त्या दाबण्यातच जाते. चाक रुंद केलं तर थोडं कमी रुतेल हे खरं, पण दाबायचा पट्टाही तेवढाच रुंद होतो. शिवाय पुढे ढकलली जाणारी वाळू वाढते. व्यास वाढवला की टेकणारा भाग लांबीत वाढतो, चर अरुंदच राहतो आणि चाक वाळूला जास्त पसरट कोनातून भिडतं. रुतण्याचं हे गणित बेकर या अभियंत्याने गेल्या शतकाच्या मध्यात मांडलं. अपोलोच्या चांद्रगाडीच्या चाकांमागेही त्याचंच काम होतं.

व्यास ३० सेंमी करा, रुंदी १० ते ११ ठेवा. किंमत टॉर्कमध्ये, म्हणजे चाक फिरवायच्या जोरात, मोजावी लागेल. हिशोब असा: ४० किलोला ३० अंशांच्या चढावर सुमारे १९६ न्यूटन लागतात. मऊ वाळूचा विरोध चाकांवर येणाऱ्या भाराच्या २० टक्के धरला तर आणखी ६८. एकूण २६४. त्रिज्या ०.१५ मीटर, म्हणजे सगळ्या चाकांचे मिळून ४० न्यूटन-मीटर, प्रत्येकी साधारण ६.६. पण दगडावर चढताना कधीकधी तीनच चाकं काम करतात, म्हणून मोटर सलग ७ आणि थोड्या वेळासाठी १५ देणारी घ्या. वाळूत ताशी साधारण एक किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० सेंमी वेग पुरे. त्याला चाकाचे फेरे मिनिटाला १९ लागतात. वेगाचा मोह सोडून गिअरचं प्रमाण वाढवा.

---

जांभा_कातळ

गिअरवाल्यांशी सहमत, पण पहिला दोष दात्यांत आहे.

दाता वाळूत शिरतो तेव्हा त्याच्या पुढची वाळू तो मागे सारतो. दोन दात्यांमधलं अंतर जास्त असेल तर पुढचा दाता पोहोचण्याआधी चाकाचा गुळगुळीत घेर वाळूला भिडतो आणि ती पुढे ढकलतो. मग चाकासमोर ढीग साठतो. बाजूने व्हिडिओ काढलात तर हा ढीग लाटेसारखा वरखाली होताना दिसेल. ढीग दिसला, की दाते विरळ आहेत.

किती दाते हवेत हे त्यांची उंची, चाक किती रुतलं आणि घसरण (चाकाच्या फिरण्यातला वाया जाणारा भाग) किती यावर ठरतं. तुमचं चाक सव्वा सेंटीमीटर रुततं आणि घसरण २० टक्के आहे असं धरलं, तर ६ मिमीच्या दात्यांना किमान ५० लागतील. तुमच्याकडे २४ आहेत. उंची १२ मिमी केली तर २७ पुरतात. ३० सेंमीच्या चाकाला १५ मिमीचे २८ दाते लावा. वजनात फार फरक पडणार नाही.

---

सह्यकडा

उंच दात्यांचा खडकावर त्रास होतो हेही सांगा. सपाट कातळावर गाडी दात्यादात्यावर उसळते, कॅमेरा हलतो, गिअरला झटके बसतात. २८ असतील तर बरं, पण २० च्या खाली जाऊ नका. दाते चाकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत थोडे वक्र घेतले तर एक सुटण्याआधी दुसरा टेकतो.

क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स या नासाच्या मंगळगाड्यांची चाकं शेजारी ठेवून बघा. पहिलीवर २४ टोकदार घड्यांचे दाते, ७.५ मिमी उंच, आणि मधला अॅल्युमिनियमचा पत्रा जेमतेम ०.७५ मिमी जाड. दुसरीवर ४८ हलक्या वळणाचे दाते, चाक थोडं अरुंद, व्यास किंचित मोठा, पत्रा जवळजवळ दुप्पट जाड. घडीच्या टोकाशी ताण एकवटतो, तिथून तडा सुरू होतो.

---

भातखाचर

अवांतर: कोकणात चिखलणीला पॉवर टिलरला लोखंडी केज व्हील लावतात. आरपार मोकळं, नुसत्या पट्ट्या. चिखलात ते हवेच्या टायरपेक्षा कितीतरी चांगलं ओढतं. रोव्हरला तसं का करत नाहीत?

---

जांभा_कातळ

@भातखाचर, छान मुद्दा. चिखल चिकट असतो आणि खाली कडक थर असतो. पट्टी चिखल कापत त्या थरापर्यंत जाते आणि तिथे पकड घेते. सुक्या वाळूत चिकटपणा जवळजवळ नाही, सगळी ताकद कणाकणांच्या घर्षणातून येते, आणि घर्षण वरून पडणाऱ्या भारावर अवलंबून. मोकळं चाक भार पसरवत नाही, म्हणून ते खालीच जातं.

मधला मार्ग मात्र वापरला गेला आहे. लुनोखोद या सोव्हिएत चांद्रगाडीची चाकं जाळीची होती, वर दाते. अपोलो १५ ची चांद्रगाडी १९७१ मध्ये जस्त चढवलेल्या पोलादी तारांच्या विणलेल्या चाकांवर चालली, व्यास सुमारे ८१ सेंमी, आणि निम्मा पृष्ठभाग टायटॅनियमच्या तिरक्या पट्ट्यांनी झाकलेला. जाळी दबते म्हणून टेकणारा भाग आपोआप लांब होतो, पट्ट्या तरंगवतात. ४० किलोच्या गाडीला असं विणकाम परवडणार नाही. टीपीयूचं (रबरासारखं प्लास्टिक) ३डी प्रिंटरवर छापलेलं लवचिक चाक तेच काम करेल: घेर ३ मिमी, आत वक्र आरे, भाराखाली ८ ते १० मिमी दबेल एवढं मऊ.

---

नभांगण

सगळे चाकाबद्दल बोलताय. मला वाटतं खरा दोष वेगळाच आहे: गाडी घसरतेय हे गाडीला कळत नाही.

२६ एप्रिल २००५ ला नासाची ऑपॉर्च्युनिटी मंगळावर मेरिडियानीच्या मैदानावर वाऱ्याने साचलेल्या वाळूच्या एका लाटेत शिरली. चाकं ठरलेल्या हिशोबाने फिरत राहिली आणि गाडी चाकांच्या फेऱ्यांवरूनच अंतर मोजत होती. तिच्या लेखी प्रवास सुरळीत चालू होता, प्रत्यक्षात ती खड्डा खणत होती. पुढे सुटका होताना चाकं १९२ मीटर होतील एवढी फिरली, तेव्हा गाडी एक मीटर हलली. म्हणजे घसरण ९९ टक्क्यांहून जास्त. जूनच्या सुरुवातीला ती बाहेर आली. त्यानंतर चाकं बदलता येणं शक्यच नव्हतं. बदलली ती चालवण्याची पद्धत: थोडं चालायचं, कॅमेऱ्याने खरोखर किती सरकलो ते बघायचं, घसरण मर्यादेबाहेर गेली की जागच्या जागी थांबायचं. त्याच चाकांवर ती एकूण ४५ किलोमीटर गेली.

@ओढ्याकाठचा, तुमची गाडी पोट टेकेपर्यंत जाते याचा अर्थ चाक अर्धं रुतल्यावरही मोटर चालू राहते. पहिल्या ३ सेंटीमीटरला थांबली असती तर मागे घेऊन दुसऱ्या वाटेने गेली असती. दहा किलोतले शंभर ग्रॅम आधी इथे खर्च करा.

---

रेतीघड्याळ

+१. घसरण म्हणजे १ वजा (खरा वेग भागिले चाकाच्या फेऱ्यांवरून येणारा वेग). चाकाचा वेग एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) देतो, अडचण खऱ्या वेगाची. तीन मार्ग:

कॅमेरा. लागोपाठच्या दोन फोटोंतले तेच ते बिंदू शोधून सरकलेलं अंतर काढायचं. दोन फोटोंत निम्म्याहून बराच जास्त भाग सामाईक हवा, म्हणून ३० सेंमीला एक फोटो ठेवा. गुळगुळीत वाळूवर बिंदूच सापडत नाहीत. मंगळावर अशा वेळी कॅमेरा मागे वळवून स्वतःच्याच चाकोऱ्यांकडे बघितलं गेलं, कारण तिथे खुणा भरपूर.

मोकळं चाक. लुनोखोदला मागे एक नववं छोटं चाक होतं, त्याला मोटर नव्हती. ते फक्त जमिनीवर फिरून खरं अंतर मोजायचं. तुमच्या गाडीला १० सेंमीचं हलकं चाक, स्प्रिंगने दाबलेलं आणि त्यावर एन्कोडर. २०० ग्रॅमचं काम. वाळूत कॅमेऱ्यापेक्षा भरवशाचं.

करंट. प्रत्येक मोटरचा करंट वेगळा मोजा. चढ तोच असताना सगळ्या चाकांचा करंट हळूहळू चढतोय आणि गाडीचा कल वाढतोय, म्हणजे मागची चाकं खाली चालली आहेत. एकट्या करंटवर विसंबू नका, दगडावर चढतानाही तो वाढतोच.

मर्यादा माझ्या अंदाजाने: ३० टक्क्यांपर्यंत चालू द्या, ३० ते ५० मध्ये वेग निम्मा करून अर्ध्या मीटरनंतर पुन्हा तपासा, ५० च्या वर सलग दोनदा आलं की थांबा. एकाच मोजमापावर थांबवलं तर गाडी दर दगडाला थबकेल.

---

टेकडीवरचा

नभांगण यांचा प्रतिसाद आवडला, पण पूर्ण पटला नाही. मोजल्याने गाडी थांबते, चढत नाही. वाटेत वाळू पार करणं भागच असेल तर काय? तिथे अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनच लागतं. चीनच्या झुरोंग या मंगळगाडीला ते होतं, गाडी स्वतःचं पोट वरखाली करू शकत होती. युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन या मंगळगाडीला चाकांनी 'चालण्याची' सोय आहे. नासाच्या व्हायपर या चांद्रगाडीची चारही चाकं स्वतंत्रपणे वळतात आणि उचलतात.

चालण्यात काय होतं ते बघा. काही चाकं जागच्या जागी स्थिर ठेवायची आणि बाकीची पाय उचलून टाकल्यासारखी पुढे न्यायची. फिरणारं चाक वाळू उकरतं. स्थिर चाक मात्र मागे सरकायला लागलं तर त्याच्यामागची सगळी वाळू त्याला अडवते, ते खुंटासारखं काम करतं. मग आळीपाळीने बदलायचं. वेग फार कमी, पण जिथे साधं फिरणं शून्यावर येतं तिथेही पुढे जाता येतं.

---

गिअरवाला

@टेकडीवरचा, तत्त्व बरोबर. पण सहा पायांना सहा जास्तीच्या मोटरी, त्यांचे वर्म गिअर, ड्रायव्हर, वायरिंग. ४० किलोच्या गाडीत ६ ते ८ किलो सहज जातात आणि प्रत्येक सांधा धुळीला नवं दार उघडतो. साध्या रॉकर-बोगीत दोन रॉकरना जोडणारा डिफरेन्शियल बार सोडला तर बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. मोटर नाही, स्प्रिंग नाही, आणि शरीराचा कल दोन्ही बाजूंच्या कलाची सरासरी राहतो. १९९७ च्या साडेदहा किलोच्या सोजर्नरपासून एक टनाच्या पर्सिव्हरन्सपर्यंत नासाने तेच का ठेवलं याचं उत्तर यात आहे.

---

चिमणराव_२

एक बाळबोध प्रश्न. रणगाड्यासारखे पट्टे लावून मोकळे का होत नाही? रुतायचा प्रश्नच मिटेल आणि हा धागाही.

---

सह्यकडा

@चिमणराव_२, धागा मिटायला नको, चांगला चाललाय :)

पट्ट्याचा दाब सर्वात कमी, हे निर्विवाद. पण पट्टा आणि रोलर यांच्यात खडा अडकला की पट्टा उतरतो, आणि एक पट्टा गेला की अर्धी गाडी गेली. सहा चाकांतलं एक गेलं तर गाडी लंगडत चालते. नासाच्या स्पिरिट या मंगळगाडीचं उजवं पुढचं चाक २००६ मध्ये बंद पडलं, त्यानंतर ती उलटी चालत ते चाक ओढत राहिली. त्या ओढलेल्या चराखालीच २००७ मध्ये जवळजवळ शुद्ध सिलिका असलेली माती उघडी पडली. लुनोखोदमध्ये तर अडकलेल्या चाकाचा अक्ष छोट्या स्फोटाने तोडून ते मोकळं फिरू देण्याची सोय होती. शिवाय पट्टे वळवायचे म्हणजे जमिनीवर फरपटवायचे, त्यात बॅटरी जाते.

आणि चाकं-पट्टे दोन्ही नसलेला प्रकारही झाला आहे. १९७१ च्या सोव्हिएत मंगळयान मार्स ३ बरोबर साडेचार किलोचं एक यंत्र होतं, ते दोन स्कीवर पावलं टाकणार होतं, १५ मीटरच्या केबलला बांधलेलं. यानाचा संपर्क उतरल्यावर लगेच तुटला, त्यामुळे ते कधी चाललंच नाही.

---

नभांगण

आता एक मुद्दा जो अजून कुणी काढला नाही: चाकं एकमेकांशी भांडतात.

सहाही चाकांना सारखाच वेग दिला तर सपाटीवर ठीक. एक चाक दगडावर चढत असेल तर त्याला जास्त लांब वाट कापायची असते. बाकीची पाच त्याच वेगाने पुढे रेटतात आणि ते चाक दगडावर दाबलं जातं. क्युरिऑसिटीच्या चाकांना २०१३ च्या अखेरीस भोकं दिसू लागली, त्यात हे एक मोठं कारण होतं: जमिनीत घट्ट रुतलेले टोकदार दगड, वर पातळ पत्रा आणि मागून रेटा. पुढच्या आणि मधल्या चाकांचे हाल जास्त झाले. उलटं चालवल्यावर हीच चाकं ढकलली जाण्याऐवजी ओढली जातात, म्हणून भार कमी होतो.

२०१७ मध्ये तिच्यावर नवीन सॉफ्टवेअर चढवलं. रॉकर आणि बोगीचे कोन, शरीराचा कल किती वेगाने बदलतोय, यांवरून कुठलं चाक चढतंय आणि कुठलं उतरतंय ते ओळखायचं आणि प्रत्येकाचा वेग वेगळा ठेवायचा. पुढच्या चाकांवरचा भार सुमारे २० टक्के आणि मधल्यांवरचा ११ टक्के घटला. लोखंडाचा एक कणही न बदलता.

ओढ्याकाठचा, तुमच्या गाडीत यासाठी कोन मोजणारे फक्त तीन पोटेन्शिओमीटर लागतील: दोन बोगींना एकेक, डिफरेन्शियलला एक. वाळूतही फायदा आहे. एखादं चाक इतरांपेक्षा वेगाने फिरलं की ते आधी उकरायला लागतं, मग त्याचा भार शेजाऱ्यावर जातो, मग तेही उकरतं. सहाही एकदम घसरायला लागत नाहीत, एकापासून सुरुवात होते.

---

लोणारची_लेक

चाचणी कुठे करताय? लोणारला करता आली तर किती छान! बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेलं विवर, मंगळाच्या अभ्यासाला इतकी जवळची जागा दुसरी कुठे?

---

रेतीघड्याळ

@लोणारची_लेक ताई, लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). तिथे गाडी फिरवू नये. त्याच दगडाची पूड मात्र राज्यभर मिळते: खडी क्रशरची डस्ट आणि क्रश सँड, बेसॉल्टचीच. कण कोनदार असल्यामुळे ते एकमेकांत अडकतात आणि जमीन आहे त्यापेक्षा मजबूत वाटते. म्हणून गोल कणांची, चाळलेली, पूर्ण सुकी बारीक वाळू दुसऱ्या पेटीत ठेवा. जी अवघड, तिच्यावर निर्णय घ्या. इस्रोनेही चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातला अ‍ॅनॉर्थोसाइट दळूनच माती केली होती.

पेटी ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, वाळूची खोली किमान ३० सेंमी. यापेक्षा उथळ असेल तर चाकाला तळाचा आधार मिळतो आणि आकडे खोटे चांगले येतात. एक टोक जॅकवर उचलता आलं पाहिजे. प्रत्येक फेरीआधी वाळू दंताळ्याने पूर्ण खोलीपर्यंत मोकळी करा, मग फळीने फक्त सपाट करा, दाबू नका. हे टाळलं तर दुसरी फेरी पहिल्या फेरीने दाबलेल्या वाळूवर होते आणि नवं चाक उगाच सरस ठरतं. ०, ५, १०, १५, २० अंश, प्रत्येक कोनाला पाच फेऱ्या, घसरण आणि रुतणं दोन्ही लिहा. १० अंशांच्या पुढे आलेख एकदम वर उसळतो, तिथे २-२ अंशांनी जा.

---

टेकडीवरचा

यात कमी गुरुत्वाकर्षणाचं काय? मंगळासाठी गाडी हलकी करून चाचणी घेतात ना?

---

जांभा_कातळ

घेतात. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेकडे क्युरिऑसिटीची 'स्केअरक्रो' नावाची बिनमेंदूची जुळी आहे, तिचं वजन मंगळावरच्या वजनाइतकं राहील असं ठेवलेलं. प्रज्ञानच्या चाचणीत इस्रोने हेलियमच्या फुग्यांनी भार उचलून धरला होता. पण गाडी हलकी झाली तरी वाळूचे कण पृथ्वीच्याच वजनाने एकमेकांवर दाबलेले असतात, म्हणून चाचणीतली वाळू प्रत्यक्षापेक्षा घट्ट असते. अशा निकालांवर राखीव अंतर ठेवूनच विश्वास टाकतात. प्रज्ञानसमोर ऑगस्ट २०२३ मध्ये ४ मीटरचं विवर आलं, ते ३ मीटरवरून दिसताच गाडी मागे वळवली. २६ किलोच्या गाडीसाठी तोच निर्णय योग्य होता. धागाकर्त्यांची स्पर्धा पृथ्वीवरच असल्याने त्यांना ही चिंता नाही.

---

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: ३० सेंमीचं टीपीयूचं चाक, १५ मिमीचे २८ वक्र दाते, मागे मोजणीचं मोकळं चाक, बोगीवर पोटेन्शिओमीटर. गिअरचं प्रमाण वाढवतोय. अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन या वर्षी नाही.

शेवटचा प्रश्न: एवढं करूनही रुतली तर बाहेर कशी काढायची? स्पर्धेत हात लावला की गुण जातात.

---

नभांगण

आधी थांबा आणि कल बघा. ज्या दिशेने आलात त्याच दिशेने, स्वतःच्याच चाकोरीतून मागे जायचं, कारण ती वाळू तुम्ही आधीच दाबून ठेवली आहे. चाकं आधी सरळ करा. रुतलेलं चाक जागेवर वळवलं की ते बाजूची वाळू आत ओढतं, म्हणून सरळ करायची ती एका वेळी एक आणि ५-५ अंशांनी. मग सहाही चाकं सगळ्यात कमी वेगाने, चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढीच. थांबा, मोजा. अर्ध्या फेऱ्याला ४७ सेंमी सरकायला हवं. सुरुवातीला दोन-तीन सेंमीच सरकेल, तरी चालेल, फक्त कल वाढता कामा नये. ऑपॉर्च्युनिटी अशीच निघाली, आधी पृथ्वीवर तशीच माती बनवून त्यात सराव करून.

स्पिरिटचं २००९ मध्ये तसं झालं नाही. वरचा कडक पापुद्रा फुटून चाकं खालच्या सैल सल्फेटच्या मातीत गेली, पोटाखाली दगड असल्याची शंका होती आणि त्याच वर्षी मागचं उजवं चाकही बंद पडलं. चार चाकांवर ती थोडी सरकत होती, तोवर हिवाळा आला. त्यामुळे पोटाखालची जागा मोजायला एक स्वस्त अंतर-सेन्सर तळाला लावून टाका. पोट टेकायला ४ सेंमी उरले की मोटरी आपोआप बंद व्हाव्यात, चालकाने बटण दाबलेलं असलं तरी.

---

गिअरवाला

तो सेन्सर तिरका बसवा, नाहीतर पहिल्याच दिवशी काचेवर धूळ बसून तो कायम '४ सेंमी' दाखवेल. आणि मोटरी बंद करताना ब्रेक लागू द्या. चढावर नुसता करंट तोडला तर गाडी मागे घरंगळते आणि मागची चाकं आणखी खोल जातात.